जुन्या जीपचं पॉवर स्टेअरिंग: पाइप स्वस्तात कसा पडतो

"बॉक्स मिळाला, पंप बसला, आता फक्त दोन पाइप करून द्या." जुनी जीप पॉवर स्टेअरिंगवर घेणाऱ्यांचं आमच्या होजच्या दुकानातलं पहिलं वाक्य बहुतेकदा हेच असतं. तेल दाबाने पाठवणारा पंप एका गाडीचा, त्या दाबाने चाकं वळवणारा स्टेअरिंग बॉक्स दुसरीचा आणि चासी तिसऱ्याच काळातली. अशा जोडणीला कंपनीचा तयार पाइप मिळत नाही, तो बनवूनच घ्यावा लागतो. जुन्या फोर्डमध्ये नवं इंजिन बसवून हॉट रॉड करणाऱ्या अमेरिकन हौशी लोकांचंही घोडं इथेच अडतं.

(गाडीत बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. आम्ही पाइपवाले, त्यापुढचं आमच्या हातात नाही.)

पैसे कुठे जातात

होज, म्हणजे पाइपची लवचीक रबरी नळी, मीटरवर मिळतो आणि जीपला तो मीटर-दीड मीटरच्या वर क्वचितच लागतो. खरा खर्च टोकांचा. पंपाचे आटे एक, बॉक्सचे दुसरे, म्हणून मध्ये अडॅप्टर. अडॅप्टर लांब झाला आणि रेडिएटरच्या पंख्याला लागायला लागला, म्हणून वर एक बेंड. असे चार नग जमले की होजपेक्षा लोखंडाचंच बिल मोठं होतं, आणि प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक नवी जागा.

म्हणून आमचं म्हणणं एकच: पंप आणि बॉक्स दोन्ही दुकानात आणा, नाहीतर गाडीच आणा. ज्या टोकाला जे तोंड लागतं तेच थेट होजवर मशीनने दाबून पक्कं (क्रिंप) करून देतो. मध्ये अडॅप्टर नाही. फोनवर "साधेच आटे आहेत" असं सांगू नका. 3/8 बीएसपी (इंची आटे) आणि एम 16 (मिलिमीटरचे आटे) यांच्या व्यासात पाऊण मिलिमीटरचाही फरक नाही. चुकीचा नट दोन आटे चढतो, मग जड जातो, मग कोणीतरी मोठा पाना लावतं आणि बॉक्सचे आटे जातात. तेव्हा वाचवलेले पैसे व्याजासकट वसूल होतात.

कोनाचंही तसंच. फ्लेअर फिटिंगमध्ये, म्हणजे कोनावर कोन दाबून बसणाऱ्या तोंडांत, एक जात 37 अंशांची, दुसरी 45 अंशांची. शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण एकमेकींवर त्या नीट बसत नाहीत. मग टेफ्लॉन टेप गुंडाळली जाते. या फिटिंगमध्ये तेल अडवण्याचं काम कोन करतो, आटे नाहीत. टेपचा तिथे काही उपयोग नाही, उलट तिचे तुकडे सुटून बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये जातात.

दाब किती असतो

गाडी सरळ चालत असते तेव्हा दाब फारसा नसतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून तसंच धरलं की पंपाचा जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. त्या वेळी साधारण 70 ते 100 बार दाब असतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट. वायरची एकच जाळी असलेला 3/8 इंची हायड्रॉलिक होज 180 बारच्या कामाचा असतो आणि त्याच्या चौपट दाबाला फुटतो. दोन जाळ्यांचा 330 बारचा. पुष्कळ मेस्त्री दोन जाळ्यांचाच मागतात. मागितला तर देऊ, पण जीपला त्याची गरज नाही. तो जड, ताठ आणि महाग.

दाबापेक्षा उष्णता वाईट. साध्या हायड्रॉलिक होजची मर्यादा 100 अंश सेल्सिअसची, आणि घाटात हळू चढणाऱ्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारा भाग) त्याच्या कितीतरी पुढे असतो. मॅनिफोल्डच्या बाजूनेच पाइप नेणं भाग असेल तर तिथे टेफ्लॉनच्या आतल्या नळीचा, वर स्टीलची जाळी असलेला होज घ्या. पैसे खर्च करायची जागा ही. एका गिऱ्हाइकाचा आमच्याकडे परत आलेला पाइप बाहेरून बरा दिसत होता. वाकवला तर पापडासारखा कडकडला, आणि कापला तेव्हा आतल्या रबराचे काळे चुरे टेबलावर पडले. मॅनिफोल्डपासून तो जेमतेम दोन बोटं लांब होता.

आणखी एक. कंपनीचा मूळ पाइप दाबाखाली थोडा फुगतो आणि पंपाचे ठोके पोटात घेतो. आमचा वायरचा होज फुगत नाही, त्यामुळे पंपाचा आवाज थोडा वाढू शकतो. तो दोष नाही. पण आवाज घरघरीत असेल आणि टाकीतलं तेल फेसाळलं असेल, तर लाइनमध्ये हवा आहे.

रिटर्न पाइप

हा बॉक्समधलं तेल परत टाकीत आणणारा पाइप. इथे बिनधास्त काटकसर करा. दाब नगण्य, म्हणून क्रिंपिंगची गरज नाही. निपलवर पाइप चढवून क्लिप आवळली की झालं. फक्त पाइप तेल सोसणारा हवा. रेडिएटरचा उरलेला तुकडा लावू नका, त्याचं रबर तेलात फुगून मऊ पडतं. आणि रिटर्नची क्लिप प्रेशर लाइनवर, म्हणजे पंपातून बॉक्सकडे दाबाने तेल नेणाऱ्या पाइपवर, कधीही नको. "तात्पुरती लावलीय" म्हणून आलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत, त्यांचं बॉनेट आतून तेलाने न्हालेलं असतं.

माप कसं घ्यायचं

जाड बाइंडिंग वायर घ्या आणि पाइप जिथून जाणार तिथून वळवत न्या. सरळ ताणून मोजू नका: होज दाबाखाली चार टक्क्यांपर्यंत आखडू शकतो, शिवाय इंजिन माउंटिंगवर हलतं. थोडी ढील ठेवा. वळण 13 सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा आवळ नको. त्याहून आवळ लागत असेल तर कॉम्पॅक्ट जातीचा होज मागा, तो 9 सेंटीमीटरपर्यंत वळतो. दोन्ही टोकांना बेंड असतील तर एक सहाच्या काट्यावर धरून दुसरा किती वाजल्यावर येतो ते लिहून आणा. तो कोन चुकला की पाइप पिळूनच बसवावा लागतो, आणि पिळलेला पाइप टिकत नाही. होजवर छापलेली रेघ बसवल्यावर सरळ दिसली पाहिजे.

बसवल्यावर

पुढची चाकं जॅकवर उचला. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा, तेल भरत राहा, मग इंजिन सुरू करा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. टाकीवर लिहिलेलंच तेल घाला. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सगळे सील जातील.

गळती शोधायला प्रेशर लाइनवरून हात फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून निघालेली धार कातडीत शिरते, जखम किरकोळ दिसते आणि तेल आत राहतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, डाग पडेल तिथे गळती. धार हाताला लागलीच, तर दुखत नसलं तरी थेट डॉक्टरांकडे जा.

पंप आणि बॉक्स आणताना आतलं तेल ओतून टाकून, तोंडं फडक्याने बंद करून आणा. मागच्या पावसाळ्यात आमच्या पायरीवर दोघे जण घसरले आहेत.