देशी गुलाबाच्या नावाखाली मिळणारी दोन झुडपे: एडवर्ड आणि दमास्क

मुंबईतल्या रोपवाटिकेत देशी गुलाब मागितला की गुलाबी, सुवासिक, सैल पाकळ्यांच्या फुलाचे एक झुडूप हाती पडते आणि ते गुलकंदाचे आहे, एवढेच आपल्याला सांगितले जाते. वास्तविक या एका नावाखाली दोन निराळे गुलाब विकले जातात: एक अत्तराचा दमास्क, म्हणजे रोझा दमास्केना, आणि दुसरा रोझा बोर्बोनियाना, ज्याला आपल्याकडे एडवर्ड म्हणतात. फूल आणि वास यांत दोघांचे इतके साम्य आहे की बहरलेले झाड समोर असूनही ओळख चुकते. परंतु गॅलरीतल्या कुंडीत यांपैकी कोणता लावला, त्यावर पुढची कित्येक वर्षे फुले मिळणार की नुसता पाला वाढणार, हे ठरते.

हे साम्य रक्ताच्या नात्याचे आहे. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर, ज्याचे जुने नाव बूर्बाँ होते, दमास्कचा वर्षातून पुन्हा फुलणारा एक प्रकार आणि चिनी गुलाब यांचा आपोआप संकर होऊन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एडवर्डचे कूळ जन्माला आले, असे मानले जाते. दमास्ककडून त्याने सुगंध घेतला आणि चिनी गुलाबाकडून पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण.

हा दुसरा गुण मुंबईकराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. आपल्या देशात लागवडीत असलेला दमास्क वर्षातून एकदाच, थंडी सरल्यावर बहरतो; कनौज-अलीगढच्या पट्ट्यात आणि पुष्करला मार्च-एप्रिलमध्ये त्याचा हंगाम येतो, म्हणूनच तिकडे त्याला चैती गुलाब म्हणतात. त्या बहराआधी झाडाला खरी थंडी लागते. मुंबईत, अगदी सांताक्रूझलाही, जानेवारीतले किमान तापमान सरासरीने १६-१७ अंशांच्या आसपास राहते, आणि तेवढ्याने दमास्कचे भागत नाही.

माझ्या मुलुंडच्या गॅलरीत दोन्ही कुंड्या शेजारी शेजारी आहेत. पुष्करहून आणलेले रोप तीन वर्षांत कठड्याच्या वर गेले, पण त्याला एकूण दोन फुले आली. इथेच दमास्क म्हणून विकत घेतलेले दुसरे रोप मात्र ऑक्टोबरच्या छाटणीनंतर नोव्हेंबरअखेरीस फुलले, जानेवारीत पुन्हा कळ्यांवर आले, आणि तेव्हा तो एडवर्ड असल्याची माझी खात्री पटली.

फुलांची वाट न पाहता ओळखायचे असेल, तर कोवळ्या फांदीवरून जपून बोट फिरवावे. दमास्कच्या फांदीवर मोठ्या वाकड्या काट्यांच्या मधूनमधून सुईसारखे बारीक, ताठ काटे असतात, आणि त्याचे पान करडसर हिरवे असून मागून मऊ लव लागते. एडवर्डचे काटे विरळ व आकड्यासारखे असतात आणि पान गुळगुळीत लागते.

अत्तराच्या धंद्यात दमास्कला तोड नाही, हे मान्यच आहे. त्याच्या सुमारे तीन-चार टन फुलांमधून एक किलो तेल निघते, आणि एडवर्डमध्ये तेल त्याहूनही कमी असते. घरच्या गुलकंदाला मात्र या फरकाची बाधा येत नाही. त्यामुळे मुंबईत जागा एकाच कुंडीची असेल, तर मी निःसंकोच एडवर्डच घ्यायला सांगेन.

त्याची काळजी पावसाळ्यात घ्यावी लागते. सततच्या ओलीने पानांवर काळे ठिपके पडून पाने गळू लागली, तर ती उचलून टाकावीत, कुंडीत पाणी साचू देऊ नये आणि झाड वारा खेळेल अशा जागी हलवावे. पाऊस संपल्यावर वाळलेल्या व अशक्त फांद्या काढून उरलेल्या निम्म्यावर छाटाव्यात आणि मातीत शेणखत व थोडी निंबोळी पेंड मिसळावी. गुलकंदासाठी फुले सकाळी, ऊन चढण्यापूर्वी खुडावीत. तीही ज्या झाडावर कीटकनाशक कधीच मारलेले नाही, त्याचीच.