पार्श्वभूमी : शिट्टी कोणाच्या हाती?

शाळेत विद्यार्थ्यांनीच चालवायचा व्यायाम आणि आरोग्याचा उपक्रम म्हटलं की ही काहीतरी अगदी ताजी कल्पना आहे असं वाटतं. पण ती शाळेतल्या पी. टी.च्या तासाहूनही जुनी आहे. तो तास वेळापत्रकात आला आणि मुलांच्या हातातली सूत्रं मोठ्यांकडे गेली.

बर्लिनच्या वेशीबाहेर हासेनहाइडे नावाचं माळरान होतं. फ्रीडरिश लुडविग यान हा शिक्षक बुधवारी आणि शनिवारी दुपारी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जायचा. 1811 मध्ये त्याने तिथे खुलं व्यायामाचं मैदानच उभं केलं. चढायला खांब आणि दोर, लटकायला आडवे दांडे. शरीरशिक्षण त्याआधीही शाळेत होतं. जर्मनीतल्या डेसाऊला बाझेडो या शिक्षणतज्ज्ञाच्या शाळेत 1774 पासून व्यायाम शिकवला जाई आणि गुट्समुट्स या शिक्षकाने 1793 मध्ये तरुणांच्या व्यायामावर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. यानचं वेगळेपण मुलांच्या मांडणीत होतं. मुलांच्या तुकड्या पाडलेल्या असत आणि प्रत्येक तुकडीत एक ‘फोरटुर्नर’ असे. म्हणजे आधी स्वतः करून दाखवणारा. तो दांड्यावर चढायचा, उडी घेऊन खाली यायचा आणि मग पुढच्याची पाळी. हुकूम सोडण्यापेक्षा करून दाखवण्यावर त्याचा मान उभा होता.

यानचे हेतू मात्र निव्वळ आरोग्याचे नव्हते. नेपोलियनविरुद्ध लढायला तरुण तयार करायचे, हा त्याचा उघड राजकीय कार्यक्रम होता. पुढे बर्लिन ज्या राज्यात होतं त्या प्रशियाच्या सरकारला हीच तरुणांची टोळकी धोक्याची वाटू लागली. 1819 मध्ये यानला अटक झाली, मैदानं बंद झाली आणि बंदी 1842 पर्यंत टिकली. ती उठली तेव्हा व्यायाम शाळेत शिरला खरा, पण वेगळ्या वेशात. आडॉल्फ श्पीस या शिक्षकाने वर्गातल्या सगळ्या मुलांना रांगेत उभं करून, शिक्षकाच्या हुकमावर एकदम हातपाय हलवण्याची पद्धत रूढ केली. चाळीस मुलं एका तासात बसवायची तर हे सोयीचंच होतं. फोरटुर्नरची मात्र गरज उरली नाही.

याच सुमारास मुलांच्या हाती सूत्रं देण्याची आणखी एक रीत जोरात होती, ती म्हणजे मॉनिटर. अँड्र्यू बेलने मद्रासच्या अनाथालयात आणि जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवून घेतलं. कारण सरळ होतं. शिक्षक कमी, मुलं फार. मॉनिटरने ठरवायचं काहीच नसे, वरून आलेला धडा खाली पोचवायचा. आजचे बरेच ‘विद्यार्थी-नेतृत्वा’चे उपक्रम मला या वंशातले वाटतात. टी-शर्टवर नेता लिहिलेलं असतं, काम मात्र हजेरी घेण्याचं.

याच्या अगदी उलट उदाहरण 1845 चं. इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत तिथल्या फुटबॉलचे, म्हणजे पुढे रग्बी झालेल्या खेळाचे, नियम पहिल्यांदा कागदावर उतरले ते तीन विद्यार्थ्यांनी लिहिले. शिक्षकांनी नव्हे. प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्याच्या वर लाथ मारायची नाही, असली कलमं त्यात आहेत. म्हणजे गुडघ्याच्या खाली चालत होतं! नियम रानटी असतील, पण ते खेळणाऱ्यांचे होते.

विसाव्या शतकाची सुरुवात मात्र कवायतीची. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात भरतीला आलेले बरेच ब्रिटिश तरुण शरीराने नापास ठरले आणि 1902 मध्ये शाळांसाठी जो नमुना अभ्यासक्रम निघाला तो थेट लष्करी प्रशिक्षणावर बेतलेला होता. मुलांच्या तब्येतीची आठवण युद्धाच्या वेळी व्हायची, ही खोड पुढेही सुटली नाही.

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेत तिचं रूप बदललं. डॉक्टर हान्स क्राउस आणि सहकाऱ्यांनी सहा साध्या हालचालींची चाचणी घेतली. त्यातली एक अशी : गुडघे न वाकवता खाली वाकायचं, बोटं जमिनीला टेकवायची आणि तीन सेकंद तशीच ठेवायची. सहापैकी एकीत चुकला की नापास. 1954 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात अमेरिकेतली सुमारे 58 टक्के मुलं नापास होती, तर युरोपातली 9 टक्क्यांच्या आत. अध्यक्ष आयझेनहॉवर हादरले आणि 1956 मध्ये युवक तंदुरुस्तीसाठी अध्यक्षीय परिषद स्थापन झाली. मग 1966 मध्ये अध्यक्षांच्या नावाचा पुरस्कार आला. तो मिळवायला प्रत्येक चाचणीत वरच्या 15 टक्क्यांत यावं लागे. म्हणजे बहुतेक मुलं रिकाम्या हाताने परतणार, हे पुरस्काराच्या नियमातच होतं. शिट्टीच्या जोडीला आता स्टॉपवॉच आलं, दोन्ही मोठ्यांच्याच हातात.

वारा फिरला तो आरोग्याच्या बाजूने. 1970 च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये डेव्हिड मोर्ले यांच्या पुढाकाराने ‘चाइल्ड टू चाइल्ड’ चळवळ सुरू झाली. थोरली भावंडं धाकट्यांना सांभाळतातच, तर आरोग्याची माहितीही त्यांच्याच हातून का जाऊ नये, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1986 च्या ओटावा जाहीरनाम्याने आरोग्य लोकांच्या स्वतःच्या हाती असावं असं म्हटलं आणि 1990 च्या दशकात आरोग्यवर्धक शाळांची जाळी विणली गेली.

मुलंच मुलांच्या सवयी बदलू शकतात याचा पुरावा मिळाला 2008 मध्ये, तोही तंबाखूच्या प्रश्नावर. इंग्लंडचा पश्चिम भाग आणि वेल्समधल्या 59 शाळांत 12-13 वर्षांच्या मुलांना प्रश्नावली दिली. तुमच्या इयत्तेत तुम्ही कोणाला मान देता? खेळात किंवा गटाच्या कामात चांगलं नेतृत्व कोण करतं? तुम्हाला कोणाचा आदर्श वाटतो? ज्यांची नावं जास्त आली त्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं आणि दहा आठवडे त्यांनी मित्रांशी सहज गप्पांतून सिगारेटचा विषय काढायचा होता. भाषण नाही, तक्ता नाही. प्रयोगाच्या शाळांत धूम्रपान कमी दिसलं, दोन वर्षांनी फरक ओसरत गेला. मला त्यातली निवडीची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. नेते मुलांनी ठरवले. शिक्षकांनी निवडले असते तर बहुधा पहिल्या बाकावरची नावं आली असती.

हीच कृती मग व्यायामाला लावून पाहिली. 13-14 वर्षांच्या मुलींनी मैत्रिणींना हालचालीकडे वळवायचं, असा ‘प्लॅन-ए’ नावाचा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. पूर्ण चाचणीचा निकाल 2021 मध्ये आला, मुलींच्या रोजच्या हालचालीत फरक पडला नव्हता. मला याचं फार आश्चर्य वाटत नाही. सिगारेट नाकारायला मैत्रिणीचा एक शब्द पुरतो. धावायला मात्र मोकळी जागा लागते आणि दिवसात रिकामा वेळ लागतो, आणि या दोन्हींच्या किल्ल्या मुलींकडे नसतात.

स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत 2012 मध्ये ‘डेली माइल’ सुरू झाला. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही, ज्याने त्याने आपापल्या वेगाने धावायचं किंवा चालायचं. वेग मुलं ठरवतात, सोबत कोणाची हेही तीच ठरवतात. रोजची 15 मिनिटं मात्र वेळापत्रकातून काढून दिली ती मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी.