जपानमधले २८ तास आणि वर्गातली झोप: थोडी पार्श्वभूमी

जपानला शिकायला जाणाऱ्यांना, म्हणजे पुण्यात भाषेच्या परीक्षा देऊन तिकडे जाणाऱ्या आपल्या पोरापोरींनाही, दोन गोष्टी पहिल्यांदा सांगतात. वर्गात वेळेवर या, झोपू नका, आणि बाइतो, म्हणजे पार्टटाइम काम, आठवड्याला २८ तासांच्या वर करू नका. ह्या दोन वेगळ्या सूचना वाटतात पण मूळ एकच आहे.

१९८३ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधानांनी २००० सालापर्यंत एक लाख परदेशी विद्यार्थी आणायचं ठरवलं आणि त्याच सुमारास पार्टटाइम कामाचे नियमही सैल झाले. भाषाशाळा भराभर उघडल्या, त्यातल्या बऱ्याच नावालाच शाळा होत्या. १९८८ मध्ये तर शांघायच्या जपानी वकिलातीबाहेर फी भरूनही व्हिसा न मिळालेल्यांची मोठी गर्दी जमली. मग कायदा बदलला, १९९० पासून नवीन चौकट आली आणि बेकायदा कामाला ठेवणाऱ्या मालकावरही गुन्हा लागायला लागला.

आता २८ चा आकडा. नव्वदच्या दशकात मर्यादा दिवसाला ४ तास होती. १९९८ मध्ये कॉलेजवाल्यांसाठी ती आठवड्याला २८ केली, म्हणजे ४ गुणिले ७, इतका साधा हिशोब. भाषाशाळेतल्यांचा व्हिसा वेगळा होता, त्यांना दिवसाचे ४ तासच राहिले, आणि २०१० मध्ये दोन्ही व्हिसा एक झाल्यावर सगळ्यांनाच २८ मिळाले. मला विचाराल तर खरा घोळ इथे झाला. दिवसाला ४ तास म्हणजे सकाळी वर्ग, संध्याकाळी काम, रात्री झोप, असा त्यामागे दिवस होता. आठवड्याची मर्यादा आली आणि तो दिवसच गेला, आता तीन सलग नाइट मारून चौथ्या सकाळी वर्गात बसलं तरी कागदावर सगळं ओके. बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, फॅक्टरीत रात्रभर पट्ट्यावरून सरकणाऱ्या डब्यांत भातावर एकेक उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) ठेवत उभं राहिलेला मुलगा सकाळी नऊला बाकावर डोकं टाकणार नाही तर काय करणार.

वर आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार नाही, कुठल्याही दिवसापासून मोजलेले सात दिवस. समजा गुरुवार ते रविवार रोज ७ तास केले, झाले २८. पुढचा सोमवार ते गुरुवार पुन्हा रोज ७, कॅलेंडरच्या हिशोबाने तेही २८ च. पण गुरुवार ते बुधवार मोजा, ४९ तास भरतात. दोन ठिकाणी काम असेल तर बेरीज करायची, दोन्हीकडे २८-२८ नाही चालत. शिफ्ट लावणाऱ्या मॅनेजरलाही हे बरेचदा माहीत नसतं. मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास चालतं, पण पाचिन्को (जुगारासारख्या मशिनींचे हॉल) किंवा स्नॅकबारमध्ये (बायका गिऱ्हाइकांना सोबत देतात ते दारूचे बार) नुसती भांडी घासणंही बंद. रेसिडेन्स कार्डाच्या मागे परवानगीचा शिक्का असतो, त्यात २८ तासांची मर्यादा आणि अशा धंद्यांची बंदी छापलेली असते.

२०११ च्या भूकंपानंतर चिनी विद्यार्थी कमी झाले आणि व्हिएतनाम-नेपाळचे वाढले, बरेच जण कर्ज काढून आलेले. टोकियोचं किमान वेतन २०२४ च्या शेवटी तासाला १,१६३ येन होतं, २८ तास पूर्ण केले तरी महिन्याला १ लाख ३० हजारांच्या आसपास, त्यात खोलीभाडं, जेवण आणि भाषाशाळेची वर्षाची सात-आठ लाखांची फी कशी बसणार? मग दुसरं काम रोखीत. २०१६ पासून माय नंबर, म्हणजे आपल्या आधारसारखा ओळख क्रमांक, आल्यावर पगार आणि टॅक्सचे कागद जुळवणं सोपं झालं, व्हिसा रिन्यू करताना पकडले जाणारे त्यातूनच सापडतात.

२०१९ मध्ये सरकारने तीन लाख परदेशी विद्यार्थ्यांचं पुढचं टार्गेट गाठलं आणि त्याच वर्षी टोकियोतल्या एका युनिव्हर्सिटीचे शेकडो विद्यार्थी बेपत्ता असल्याचं प्रकरण गाजलं. त्यानंतर भाषाशाळांची हजेरी जास्त कडक झाली. उशिरा येणं, मधेच बाहेर जाणं, मोबाईल बघणं हे आधी फक्त शिस्तीचं होतं, आता तीनदा उशीर म्हणजे एक गैरहजेरी असे नियम बऱ्याच शाळांत आहेत, काही ठिकाणी झोपलेल्यालाही गैरहजर धरतात, आणि हजेरीचा टक्का थेट व्हिसाला जाऊन चिकटतो. कोन्बिनी (चोवीस तास चालणारी दुकानं) आणि फॅक्टऱ्यांना रात्री माणसं लागतात हे सरकारला माहीत नाही असं थोडंच आहे, पण दम मात्र शाळेतल्या पोरांनाच मिळतो.

२०२३ मध्ये नवं टार्गेट आलं, २०३३ पर्यंत चार लाख. तेव्हाही २८ चा आकडा तसाच ठेवला.