गरोदरपणातली औषधे आणि पाच अक्षरांचा घोळ

थॅलिडोमाइडची कहाणी बहुतेकांना ठाऊक आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेची निर्धोक गोळी म्हणून हे औषध आले आणि पुढे गरोदर बायकांना मळमळीवरही सर्रास दिले गेले. १९६१च्या अखेरीस तिथे ते मागे घेतले गेले. जगभरात सुमारे १० हजार बाळे हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली. वार, म्हणजे गर्भाला आईशी जोडणारी प्लासेंटा, गर्भाला औषधांपासून वाचवते, हा समज तिथेच संपला.

गरोदरपणी कोणते औषध चालते, याबद्दलच्या आजच्या गोंधळाचे मूळ मात्र १९७९ सालात आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने गरोदरपणातल्या वापरासाठी औषधांची ए, बी, सी, डी आणि एक्स अशी वर्गवारी आणली. हेतू चांगला होता, पण वाचणाऱ्यांनी ती धोक्याची चढती पायरी मानली आणि ती तशी कधीच नव्हती. ‘सी’मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत अपाय दिसलेली औषधे होती आणि ज्यांचा अभ्यासच झाला नव्हता तीही होती. बहुसंख्य औषधे याच खान्यात पडली. ‘एक्स’चे, म्हणजे गरोदरपणी घेऊच नयेत अशा औषधांच्या खान्याचे, तर विचारूच नका. मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन त्यात होते. त्याने गर्भाच्या मेंदूला, हृदयाला गंभीर इजा होते. गर्भनिरोधक गोळ्याही त्यातच होत्या, कारण इतकेच की गरोदरपणी त्यांचा उपयोग नसतो. दिवस गेल्याचे न कळता त्या चार दिवस जास्त घेतल्या गेल्या, तर व्यंगे वाढल्याचे दिसलेले नाही. तरीही त्या एका अक्षरापायी किती जणी घाबरून गेल्या असतील!

औषध कोणत्या आठवड्यात घेतले हेही अक्षरात मावत नव्हते. थॅलिडोमाइडचा घात गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवसांत होई. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांची मोठी भीती उलट शेवटच्या तिमाहीत, कारण त्यांनी बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधीच आक्रसू शकते.

अखेर २०१४च्या डिसेंबरात अमेरिकेत अक्षरे काढण्याचा नियम झाला आणि जून २०१५ पासून माहितीपत्रकात सविस्तर वर्णन देणे सुरू झाले. हा निर्णय फार उशिरा आला, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑस्ट्रेलियात अजूनही अक्षरेच चालतात आणि त्यांचे अर्थ पुन्हा वेगळे आहेत.

आईच्या शरीरात औषधाचे काय होते, हा अभ्यास अलीकडे जोर धरतो आहे. गरोदरपणी रक्ताचे प्रमाण जवळपास दीडपट होते, मूत्रपिंडांचे काम वाढते, यकृतही काही औषधे लवकर निकालात काढते. फिट्सवरच्या लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी इतकी घसरू शकते की थांबलेल्या फिट्स पुन्हा येतात. तिथे डोस वाढवावा लागतो. त्याच आजारावरच्या व्हॅल्प्रोएटने मात्र १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंगे आढळतात. म्हणून ते बदलायचे तर दिवस जाण्याआधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मनानेच एकदम बंद केले तर आईच्या जिवावर बेतू शकते. या दोन औषधांमधला फरक ठळक झाला तो मुख्यतः नोंदवह्यांमुळे. गरोदर बायकांना चाचण्यांत सहसा घेत नाहीत. ज्यांना औषध घ्यावेच लागले, त्यांनी स्वतःची आणि बाळाची माहिती तिथे नोंदवली.