पाचारण केवळ धर्मगुरूंनाच असते का?

देवाचे पाचारण (बोलावणे) म्हणजे धर्मगुरू, पाळक किंवा धर्मभगिनी होणे आणि बाकीच्यांनी नोकरी-संसार सांभाळून रविवारी प्रार्थनेला यावे, असा समज मुंबईतील ख्रिस्ती कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. त्याला बायबलचा आधार नाही. प्रेषित पौल करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी राहून तंबू तयार करी आणि शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यांच्या सभास्थानात धर्मचर्चा करी. पुढे तेथीलच ख्रिस्ती मंडळीला त्याने लिहिले की, ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्याने त्या स्थितीत देवाजवळ राहावे. (यावरून अन्याय निमूट सोसावा असा अर्थ काढणे चूक आहे, कारण दासाला मोकळे होता येत असेल तर त्याने व्हावे, हेही तेथेच सांगितले आहे.) पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा रात्रपाळीत रुग्णाची जखम धुऊन पट्टी बदलणाऱ्या परिचारिकेचे काम दुय्यम कसे ठरेल? पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा व मुलींसाठी शारदा सदन ही शाळा उघडली, तेव्हा त्या कोणत्याही धर्मपदावर नव्हत्या. त्या एका मुलीची आई असलेल्या विधवा होत्या.