बो प्लाँचा साखर कारखाना : सहलीला निघण्यापूर्वी

मॉरिशस सहलीत पाम्प्लेमूसचे वनस्पती उद्यान पाहून झाल्यावर आपण जवळच्याच बो प्लाँ येथील जुन्या साखर कारखान्यात जाणार आहोत. हा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला आणि २००२ पासून तेथे संग्रहालय आहे. त्यामुळे प्रत्यक्ष गाळप पाहायला मिळेल, अशी अपेक्षा कृपया ठेवू नये.

बेटावर ऊस आणला तो डचांनी, १६३९ मध्ये, जावाहून. फ्रेंच अमलात गव्हर्नर ला बूर्दोने यांनी साखरेला उत्तेजन दिले, मात्र कष्ट गुलामांचे होते. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेले आणि १८२५ मध्ये येथील साखरेवरचा ब्रिटनमधील जादा कर उठल्यावर जिकडेतिकडे उसाचे मळे झाले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. पण त्याच्या आदल्याच वर्षापासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले होते. मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकणातली मराठी माणसे बरीच होती. गणेश चतुर्थीला तेथे आज सार्वजनिक सुटी असते, त्यामागे हा इतिहास आहे.

यंत्रे पाहताना उसाच्या मार्गानेच पुढे जावे. गव्हाणीतून, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावरून, आलेला ऊस आधी सुऱ्यांनी तुकडे होऊन, मग चरकांच्या एकामागून एक असलेल्या जोड्यांतून पिळला जातो, आणि रस अधिक निघावा म्हणून मध्ये पाणी शिंपडतात. उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळून त्याच्याच वाफेवर कारखाना चालतो. रसात पाण्यात कालवलेला चुना घालून, तो तापवून गाळ खाली बसू देतात. पुढील बाष्पीभवन पात्रांत एका पात्रातून निघालेली वाफ दुसऱ्याला तापवते; इंधन वाचवण्याची ही युक्ती आम्हाला सर्व कारखान्यात सर्वांत हुशारीची वाटते. अखेर निर्वात पॅनमध्ये हवेचा दाब कमी असल्याने पाक कमी उष्णतेवर उकळतो, साखर करपत नाही आणि दाणा धरतो. तो वेगाने फिरणाऱ्या जाळीदार पिंपात घातला की मळी बाहेर फेकली जाते व साखर आत राहते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेटावर अडीचशेहून अधिक कारखाने होते. आता तीनच चालतात. शेतांत एकट्या उभ्या दगडी चिमण्या दिसतील, त्या बंद पडलेल्या कारखान्यांच्या.

शेवटी निरनिराळ्या साखरांची चव घेता येते. मळी न काढलेली गडद मस्कोव्हाडो जरूर चाखावी. ती आपल्या काकवीची आठवण करून देते.