‘ओव्हरस्क्वेअर’ची भीती

छोटी विमानं उडवणाऱ्यांमध्ये एक नियम पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो: मॅनिफोल्ड प्रेशरचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा) आकडा आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या, शेकड्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. प्रॉपेलर मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर दाब २४ इंचांच्या आतच हवा. वर गेला की ते ‘ओव्हरस्क्वेअर’, आणि मग इंजिनाची वाट लागलीच म्हणून समजा.

हा दाब म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा, पाऱ्याच्या इंचांत मोजलेला. तो थ्रॉटलनं, म्हणजे हवा सोडणाऱ्या झडपेनं, कमी-जास्त करतात; फेरे वेगळ्या दांड्यानं. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचाच दाब ३० इंचांच्या आसपास असतो. १९७७ नंतरच्या बऱ्याच सेसना १८२ विमानांतलं इंजिन जास्तीत जास्त २४०० फेरे घेतं. किनाऱ्यालगतच्या धावपट्टीवर थ्रॉटल पूर्ण उघडला की काटा २८-२९ वर जातो. म्हणजे प्रत्येक उड्डाणाला हा नियम मोडतोच, तोही निर्मात्याच्या संमतीनं. हाच दाब सेंटिमीटरमध्ये मोजला असता तर ७० च्या पुढे आकडा दिसला असता आणि त्याची २४ शी तुलना करायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. सगळा खेळ एककांच्या योगायोगाचा.

भीतीला आधार अजिबात नाही असं नव्हे. चौथ्या गिअरमध्ये घाट चढवला की गाडीचं इंजिन ठोके देतं, तसं विमानातही फेरे फार कमी आणि दाब फार जास्त झाला तर इंधन शांतपणे जळण्याऐवजी भडकतं आणि पिस्टनला इजा होते. पण ती मर्यादा इंजिनागणिक वेगळी असते, इंधनाचा ऑक्टेन आणि सिलिंडरचं तापमान यांवरही ठरते.

१९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, न्यू गिनीत प्रसिद्ध अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग पी-३८ लढाऊ विमानांच्या वैमानिकांबरोबर उडत होता. मोहिमेवरून परतल्यावर त्याच्या टाकीत इतरांपेक्षा कितीतरी जास्त इंधन उरलेलं असे. त्याची शिफारस होती फेरे १६०० पर्यंत उतरवायचे, दाब वाढवायचा आणि मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी, ठेवायचं. इंजिनं जळतील अशी धास्ती वैमानिकांना होती, पण इंजिनं टिकली आणि विमानांचा पल्ला बराच वाढला. कारण साधं आहे: फेरे कमी तर घर्षण कमी, आणि थ्रॉटल जास्त उघडा असला की हवा आत ओढायला इंजिनाला कमी कष्ट पडतात.

म्हणून क्रूझसाठी, म्हणजे उंची गाठल्यावरच्या सरळ उड्डाणासाठी, आकडे निवडताना आपल्या विमानाच्या हँडबुकातला तक्ताच बघावा. एक जुनी सवय मात्र जरूर जपावी. ताकद वाढवताना आधी आरपीएम, मग थ्रॉटल. कमी करताना आधी थ्रॉटल, मग आरपीएम. त्यामुळे आकडे बदलत असतानाही इंजिन तक्त्याबाहेर जात नाही.